थांबायची आयत

गुलशनला सासूनं लग्नानंतरच्या पहिल्याच रमजानात बजावलं होतं, "कुराणातल्या अजाबच्या, शिक्षेच्या आयतीवर वाचणं सोडून उठू नको गो. पोर रडो, कुकर शिट्या मारो. पुढं रहमतची, दयेची आयत येईल, तिथं थांब, मग ऊठ."

गुलशन बीएस्सी झालेली. ती हसून म्हणाली होती, "अम्मी, अर्थ समजला म्हणजे झालं. आयती काय एसटीचे थांबे आहेत?"

सासू सोलत होती ते वाटाणे सोलत राहिली.

पनवेलच्या त्या बिल्डिंगमध्ये गुलशनच्या बरोबर वरच्या घरात जास्मीन राहायची. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यातच झालं आणि दवाखान्यातून घरी आलंच नाही. नवरा, राहिल, कळंबोलीच्या लोखंडबाजारात कामाला. दिवसभर ती एकटीच. तिला अरबी वाचता यायचं, पण अर्थ कळायचा नाही. मग दुपारी ती खाली यायची आणि गुलशन तिला मराठीत अर्थ वाचून दाखवायची. गुलशनची यूम्ना झोळीत झोपलेली असायची. जास्मीन झोळीकडे पाठ करून बसायची. गुलशनच्या ते लक्षात आलं होतं.

त्या दुपारी वाचता वाचता हिशेबाच्या दिवसाचं वर्णन आलं. ज्यांनी जुलूम केला त्यांची वाईट कमाई त्यांच्यापुढे उघडी पडेल, असं काहीसं. तेवढ्यात यूम्ना किंचाळून उठली. अंगाला हात लावला तर चटका. गुलशननं किताब मिटली.

"उद्या वाचू या गं."

जास्मीन उठून गेली.

यूम्नाचा ताप उतरता उतरेना. औषधं, ओल्या पट्ट्या, नवऱ्याचे, नझीरचे कामावरून फोन. ताप उतरला तेव्हा गुलशनला जाणवलं, वरच्या दोरीवरच्या कपड्यांचं पाणी आपल्या खिडकीवर ठिबकत नाहीये. संध्याकाळी तळोज्याच्या कारखान्यांकडून वास आला की सगळी बिल्डिंग खिडक्या लावून घ्यायची. जास्मीनची मात्र उघडीच होती.

यूम्नाला कडेवर घेऊन ती वर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. जास्मीन पलंगाला टेकून फरशीवर बसली होती. राहिलनं सकाळी ठेवलेला डबा तसाच होता, वर मुंग्या.

"खाल्लं नाहीस?"

"भूक नाही."

"किती दिवस?"

जास्मीननं डबा पलंगाखाली सरकवला. मग म्हणाली, "तू वाचलंस ते बरोबर होतं."

"काय वाचलं मी?"

"कमाई पुढ्यात येईल ते. दिवस राहिले तेव्हा मी राहिलला म्हणाले होते, आत्ता नको होतं हे. माझी कमाई तीच ना?"

"अगं, ते जालिमांसाठी आहे."

"आणि मी कोण?"

 गुलशन खाली जाऊन किताब घेऊन आली आणि सोडलेल्या जागेपासून वाचू लागली. थोड्याच आयतींनंतर ते होतं. स्वतःवरच जुलूम केलेल्या बंद्यांनो, रहमतीची आशा सोडू नका. अल्ला सगळे गुन्हे माफ करतो.

"हे तेव्हा होतं?" जास्मीननं विचारलं.

"होतं. त्याच पानावर."

"मग थांबलीस का?"

"यूम्ना रडली."

"हं. माझ्याकडे रडायला कोणी नाही. मी तिथंच बसून राहिले."

ती हे रागानं म्हणाली नाही. भाजी संपली म्हणावं तसं म्हणाली. गुलशनचेही डोळे कोरडेच राहिले. यूम्ना तिच्या ओढणीचं टोक चघळत होती.

"त्यापुढे काय आहे?"

गुलशननं नजर टाकली. पुढे पुन्हा अजाबच होता, अचानक येऊन गाठणारा.

"पुढचं नंतर. इथं थांबायचं असतं."

"कोण म्हणतं?"

"अम्मी म्हणते."

"दोन्ही त्याचंच बोलणं ना? मग कुठलं धरायचं?"

"मला नाही माहीत," गुलशन म्हणाली. "आज इथं थांबू."

"बरं," जास्मीन म्हणाली. गुलशननं भात आणला, त्यातले चार घास तिनं खाल्ले. दुसऱ्या दिवसापासून गुलशन रोज वर जाऊ लागली. डोळ्यांनी आधी पुढचं चाळायची, थांबायची जागा शोधायची आणि मगच तोंड उघडायची. दोरीवर अधूनमधून एखादा दुपट्टा दिसू लागला.

मग नझीरला उरणला बंदरात नोकरी लागली आणि गुलशनला घर हलवावं लागलं. किताब तिनं वर जास्मीनकडेच ठेवली, रहमतच्या त्या पानात यूम्नाच्या टोपड्याची नाडी घालून. ती फोन करते, पण जास्मीन दोन-दोन दिवस उचलत नाही. राहिल म्हणतो, बरी आहे.

तुम्ही पनवेलचे असाल तर एवढं करा. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, खाली पिठाची गिरणी असलेली बिल्डिंग. जास्मीनच्या दाराची बेल बंद आहे, कडी वाजवा. ती म्हणेल मी बरी आहे. तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, डबा उघडून बघा. नाडी कुठल्या पानात आहे तेही बघा.