पाइपातलं वारं

पहिल्या मजल्यावरच्या शकूच्या शेगडीवर निळी ज्योत पेटली आणि तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत जिना माणसांनी भरला. "भगताने मंत्र म्हटला आणि भक्कन पेटली!" जो तो दुसऱ्याला सांगत होता. रस्ता खणताना पाइप फुटल्यामुळे नवीन पनवेलातल्या आमच्या इमारतीचा गॅस दोन दिवस बंद होता. दुपारी तो सुरू झाला, तरी बऱ्याच शेगड्या पेटेनात. आता काशिराम भगत उपरणं सावरत चौथ्या मजल्यावर भीमाबाईंकडे निघाला होता.

खरं सांगतो, भगताला आवतण माझ्यामुळेच गेलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यातून विज्ञानाचा निवृत्त मास्तर! कंपनीचा माणूस फोनवर बोलला ते मी खाली सोसायटीच्या फळ्यावर जसंच्या तसं उतरवलं होतं: 'पाइपात वारा शिरला आहे. वारा काढल्याशिवाय शेगडी पेटणार नाही.' गव्हाणहून मुलाकडे राहायला आलेल्या भीमाबाईंनी ते कुणाकडून वाचून घेतलं आणि भगताला सांगावा धाडला. वारं शिरतं ते अंगात, आणि ते काढतो भगत. घरात सून समृद्धी वीस दिवसांची बाळंतीण.

मी धापा टाकत वर पोचलो. स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद, समृद्धी बाळाला घेऊन कोपऱ्यात पाटावर. भगत शेगडीचं बटण उघडं ठेवून ओट्याखाली उपरणं पसरून घुमत होता.

"ज्वालामाई जाग, निळूमाई जाग, नळीतल्या वाऱ्या, वाटेला लाग!"

शेगडीतून फुस्स फुस्स आवाज येत होता.

"ऐका! वारं बोलतंय. खिरकी उघरू नका, पोराच्या अंगात शिरंल."

"भीमाबाई, आधी खिडकी उघडा," मी म्हणालो.

"नाय मास्तर! पोराला काय झाला तं तुमी भरून देनार काय?"

आवाज चालूच होता. आणि मग तो वास आला, नासक्या अंड्यासारखा. भगत कापूर लावायला काडेपेटी चाचपत होता. झडप घालून मी काडेपेटी हिसकावली, शेगडीचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.

"सगळे बाहेर! दिव्याच्या बटणाला कुणी हात लावू नका!"

"मास्तराने वारं मोकला सोरला!" भगत जिन्यात बोंबलला. माझ्याकडे सगळे गुन्हेगारासारखे बघत होते.

तेवढ्यात समृद्धी हळूच म्हणाली, "मी पाटावर खाली बसले होते ना, मला दिसलं. उपरण्याखाली यांनी पाइपावरची गॅस बंद-चालू करायची दांडी फिरवली. मगच फुस्स सुरू झालं."

भगताचा चेहरा पडला. तो सहा महिने गॅसच्या पाइपांच्या कामावर होता, हे मागाहून कळलं.

वास पूर्ण गेला. कंपनीचा माणूस येऊन शेगडी तपासून गेला, तोवर भगताला मी जिन्यातच थांबवलं. मग मी ओट्याखालची दांडी पाइपाला आडवी करून गॅस बंद केला.

"भगत, दोन्ही हात वर करा आणि आता म्हणा मंत्र."

ज्वालामाई झाली, निळूमाई झाली. मी लायटर दाबत राहिलो, ठिणगीपुढे काही नाही. समृद्धीने वाकून दांडी सरळ केली. एकदाच खट्ट झालं आणि शेगडी पेटली.

"शकूने दांडी उघडलीच नव्हती," मी सांगितलं, "ती याने उघडली. तुमच्या पाइपात हवा होती. ती फुस्स करून निघाली आणि मागोमाग गॅस आला. बंद खोलीत कापूर पेटला असता तर, भीमाबाई..."

भीमाबाईंनी नातवाला छातीशी घट्ट धरलं. मग त्या माझ्यावरच उखडल्या.

"मंग फल्यावर हवा लिवायचा होता ना! आमाला वारं म्हंजी येकच ठावं हाय."

चाळीस वर्षं विज्ञान शिकवूनही मी शब्दात चुकलो. खाली जाऊन फळा पुसला आणि लिहिलं: 'गॅसचा वास आला तर बटण बंद करा, खिडकी उघडा, काडी ओढू नका, कंपनीला बोलवा. आणि फळ्यावरचा शब्द कळला नाही, तर भगताला नको, लिहिणाऱ्याला विचारा.'