जावयाला दिलेली जर्मन गाडी

आमच्या ह्यांना फुलांतलं सगळं कळतं. झेंडू कधी लावला म्हणजे बरोबर दसऱ्याला हाती येतो, गुलाबाचं पाणी कधी तोडायचं, सगळं. मखमलाबादच्या मळ्यावर येऊन त्यांना कुणी फसवून दाखवावं. पण मुंबईच्या कुणा डॉक्टरांनी वापरलेली जर्मन गाडी नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळतेय म्हटल्यावर हा माणूस पार विरघळला. "मंजुषा, नुसतं दार लावून बघ," म्हणाले. मी लावलं. दाराचा आवाज खरंच छान होता. पुढे जे बाकीचे आवाज यायला लागले, त्यांचे पैसे आम्ही भरले.

आधी एका सकाळी गाडी म्हशीसारखी एका अंगावर बसलेली सापडली. मग एसी गेला, मग कुठला तरी सेन्सर. प्रत्येक पार्ट मुंबईहून मागवायचा, आणि तो येईपर्यंत गाडी नाशकात द्वारका चौकाजवळ सनीच्या गॅरेजमध्ये आणि हे फुलांच्या टेम्पोत. कुणी विचारलं तर सांगायचे, "सर्व्हिसिंगला दिलीय." माझ्या सासूबाईंचीसुद्धा कुणी एवढी सेवा केली नसेल.

अशात आमच्या भाग्यश्रीचं लग्न पिंपळगावच्या चिमाजीरावांच्या कुंदनशी ठरलं. द्राक्षांचा व्यापार, घर भरलेलं, माणसं साधी. त्यांनी काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. तरी साखरपुड्यात हे उठून उभे राहिले आणि जाहीर केलं, "गाडी जावईबापूंना! पोरगी तिच्यातूनच सासरी येईल." टाळ्या पडल्या. चिमाजीराव नको नको म्हणत होते, पण ऐकतंय कोण? मीही पदर सावरून ताठ बसले होते. ते मिरवणं मलाही गोड लागलं होतं.

लग्नाच्या आठवड्यात गाडीत गिअरबॉक्सचा लाल दिवा लागला. हे सनीकडे गेले आणि हसत परत आले. "झालं काम." दिवा खरंच गेला होता. मी देवापुढे साखर ठेवली.

लग्न गंगापूर रोडच्या लॉन्सवर झालं. पाठवणीची वेळ आली. सासरच्यांनी त्यांची गाडी सजवली नव्हती, ह्यांनीच तसं बजावलं होतं. आमची मात्र आमच्याच मळ्यातल्या फुलांनी झाकून गेली होती. फाटकापर्यंत ह्यांनी चालवायची आणि तिथे किल्ली जावयाच्या हातात द्यायची, असा बेत. फोटोवाल्याचे फोटो संपेनात, एप्रिलचं ऊन, आणि गाडी एसी लावून आपली सुरूच. शेवटी भाग्यश्री आणि कुंदन मागे बसले. निरोपासाठी काचा खाली केल्या. माझ्या जावेने पुढच्या चाकाखाली नारळ ठेवला. चाकाने नारळ फुटला की गाडी सासरच्या वाटेला लागायची.

ह्यांनी गिअर टाकला. लाल दिवा लागला. गाडी हलली नाही, नारळ फुटला नाही. पोरांनी मागून जोर लावला. गाडी ढिम्म.

ह्यांनी घाम पुसत सनीला फोन लावला. तो आपोआप गाडीच्या स्पीकरवर गेला. त्या गाडीत कधीच न बिघडलेली तेवढी एकच वस्तू होती. बँडवालेही नेमके थांबले होते.

"काका, गिअर लॉक झाला असेल," सनीचा आवाज चारी दारांतून घुमला. "बोललो होतो ना, गिअरबॉक्स गेलाय? आपण मशीन लावून फक्त दिवा घालवला. गाडी घेतली त्याच्या निम्मे पैसे जातील म्हटल्यावर तुम्हीच बोलले, लग्नापुरती चालू दे, पुढचं जावई बघतील."

ह्यांनी फोन बंद केला. पण जे ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. भेट म्हणून आम्ही पोरीच्या संसारात खड्डा पाठवत होतो.

चिमाजीराव खिडकीशी आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "शेखरराव, आम्ही तर काय मागितलंच नव्हतं," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात भाग्यश्री दार उघडून खाली उतरली. सासऱ्यांना म्हणाली, "पप्पा, मला माहीत होतं. मीच बाबांना म्हटलं, राहू द्या, आम्ही नंतर करून घेऊ."

साफ खोटं. सनी बोलत होता तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला होता, पांढराफटक पडला होता. सासरच्या गाडीतून कुंदनची आजी, धोंडाबाई, म्हणाल्या, "म्हायती व्हतं तर सांगायचं नाय का गं पोरी?" कुंदनही तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता बोलतील. बापाने बोलायलाच हवं होतं. हे स्टिअरिंगकडे बघत बसले. घरात मी ह्यांना हजार बोलले असेन, पण चारचौघांत आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"खोटं बोलतेय ती," मी म्हणाले. "तिला काही ठाऊक नव्हतं. बापाची लाज झाकतेय. जे केलं ते ह्यांनी एकट्यांनी केलं."

आजूबाजूला दोन्हीकडचे पाहुणे उभे होते. हे सावकाश खाली उतरले. चिमाजीरावांपुढे हात जोडले. "खरंय. पोरीला बोल लावू नका," म्हणाले.

चिमाजीरावांनी त्यांचे हात खाली केले आणि आपल्या गाडीचं दार उघडलं. "या सूनबाई. आमच्याकडं जागा लय हाय." जागा नव्हती. धोंडाबाईंनी एका नातवाला मांडीवर घेऊन ती केली.

भाग्यश्री माझ्या गळ्यात पडली. मग ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. पाठवणीला बाप लेकीला पोटाशी धरतो. ह्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि नजर तिच्या पायांशी.

"बाबा, मी चाललेय. बघा तरी माझ्याकडे."

मान वर झाली नाही. ती वळली आणि सासरच्या गाडीत कुंदनशेजारी जाऊन बसली.

गाडी फाटकाबाहेर पडून दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे ह्यांनी वर पाहिलं.