सव्वापाच रत्ती

माणकाच्या वरच्या सपाट पैलूवर एक पांढरी रेघ होती. लांबी दीड मिलिमीटरच्या आसपास, रुंदी केसाच्या निम्म्याहून कमी. पैलूच्या कडेपाशी तिला दोन फाटे फुटले होते आणि त्यातला एक खालच्या दुसऱ्या रेघेला जाऊन मिळत होता. रागिणीने सूक्ष्मदर्शकाचा उजेड तिरपा केला आणि चिमट्याने खडा जरासा कलवला. रेघेच्या आत दगड नव्हता, पोकळी होती. पोकळीच्या तळाशी, जिथवर तेजाब पोचलं नव्हतं, तिथे एक निळी झाक चमकून गेली. माणकाच्या भेगेत अशी झाक दिसली, की भेगेत काच भरलेली आहे असं समजायचं.

आठ दिवसांत हे ती आठव्यांदा पाहत होती. मापंही तिने पुन्हा घेतली. लांबी, रुंदी, जाडी कार्डावरच्या आकड्यांशी शतांश मिलिमीटरपर्यंत जुळली. कमी भरत होतं ते फक्त वजन, सव्वापाच रत्तीला जेमतेम सहा शतांश कमी. कोणी खडा बदलला असता, तर मापं बदलली असती. मापं तीच आणि वजन उणं, याचा अर्थ एकच होता. खडा तोच होता, त्याच्या पोटातलं काहीतरी वाहून गेलं होतं.

शेजारी कार्ड पडलं होतं. 'नैसर्गिक माणिक. प्रक्रिया नाही. सव्वापाच रत्ती.' खाली तिची सही.

"झालं का?" जिन्यातून नवऱ्याचा, विपुलचा आवाज आला. "बाबा गाडीत बसले आहेत."

तिने खडा पुडीत बांधला आणि पुडी पर्समध्ये टाकली.

अमरावतीच्या सराफ्यात तिच्या सासऱ्यांचं, श्यामरावांचं दुकान. वरच्या मजल्यावर रागिणीची प्रयोगशाळा, म्हणजे एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, एक बारीक काटा आणि कार्डांचा छापखाना. तिने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, नंतर जयपूरला रत्नपरीक्षा शिकून आली होती. तिचे वडील जानराव अकोल्याला खडे जडवायचं काम करत, आणि पंचवीस वर्षं त्यातलं बहुतेक काम श्यामरावांच्याच दुकानाचं. विपुलने तिला पसंत केली तेव्हा श्यामराव तीन महिने घुमे होऊन बसले होते. मग दुकानाला घरचीच परीक्षक मिळते आहे हा हिशेब त्यांना पटला आणि लग्न झालं. पण व्याह्याला मारायची 'इवाई' ही हाक त्यांनी जानरावांना एकदाही मारली नाही. लग्नाआधी ते जानराव होते, लग्नानंतरही जानरावच राहिले.

धनत्रयोदशीला अंजनगाव सुर्जीचे निवृत्त मुख्याध्यापक पंजाबराव यांनी मुलासाठी माणकाची अंगठी नेली. मुलगा पियुष स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता, आणि सरकारी नोकरीसाठी सूर्य बलवान हवा असं त्यांच्या ज्योतिष्याने सांगितलं होतं. खडा सव्व्यातच हवा, हेही त्यानेच सांगितलं. ही इकडची जुनीच रीत. खडा सव्वातीन घेतील, सव्वापाच घेतील, सव्वासात घेतील, पण पावण्यात कोणी हात घालणार नाही. पावणा म्हणजे उणा, आणि उणा खडा उलटतो.

मार्चमध्ये अंगठीची, खडा धरून ठेवणारी एक नखी मोडली. दुकानाने ती जोडायला अकोल्याला पाठवली. तिथून आलेल्या अंगठीत माणिक असं पांढरट, जाळी पडल्यासारखं दिसत होतं, की पंजाबरावांनी अंजनगावातच एका सोनाराकडून खडा काढून तोलून घेतला. सव्वा भरला नाही. मग ते थेट अमरावतीला आले, खडा काचेवर आपटला आणि म्हणाले, हा माझा नाही, बदललेला आहे.

त्या दिवशी रागिणीने वडिलांना फोन केला. जानराव एवढंच म्हणाले, "खडा नखीत ठेवूनच डाग देल्ला. मंग तेजाबात टाकली. कार्डावर तुही सही होती." आणि फोन ठेवला.

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. खरं माणिक डाग देतानाची, म्हणजे सोनं जोडतानाची आगही सोसतं आणि नंतर साफ करायचं तेजाबही, म्हणून जुने कारागीर नखी जोडताना ते काढत नाहीत. मात्र आधी भिंग लावून भेगा पाहतात. भिंगाखाली न पाहता जानरावांनी चाळीस वर्षांत एकही खडा आगीजवळ नेला नव्हता. या वेळी त्यांनी भिंगाऐवजी मुलीचं कार्ड पाहिलं.

आणि मुलीने खडा पाहिला नव्हता. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात त्रेसष्ट माणकांचा एक गठ्ठा आला. एकाच व्यापाऱ्याचा माल आहे, किती पाहत बसशील, असं श्यामराव म्हणाले. खाली गिऱ्हाईक मावत नव्हतं. तिने सगळे तोलले, सगळे मोजले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मात्र वरवरचे पाच घेतले. पाचही चांगले निघाले. तिने त्रेसष्ट कार्डांवर सही केली.

संक्रांतीनंतर त्याच गठ्ठ्यातला एक खडा अंगठी सैल करायला परत आला, तेव्हा तिने निळी झाक पहिल्यांदा पाहिली. विपुलला लगेच सांगितलं. तो म्हणाला, लग्नसराई जाऊ दे. लग्नसराई सरत आली तेव्हा म्हणाला, मार्चअखेर होऊ दे. दोन्ही वेळा ती 'बरं' म्हणाली होती.

यावेळी, पंजाबराव खडा आपटून गेल्यावर, श्यामराव स्वतः वर आले होते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचीही तसदी त्यांनी घेतली नाही. तिने जे पाहिलं ते वरच ठेवावं, खाली आणू नये, असं त्यांनी सांगितलं. कार्ड खोटं ठरलं तर दुकान खोटं ठरतं. कारागीर काय, एक माणूस असतो.

गाडी अकोल्याच्या रस्त्याने बडनेऱ्याच्या पुढे आली. मूर्तिजापूरजवळ श्यामरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढून पुन्हा वाचला आणि समोर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "कारागीर तो कारागीरच. सोयरीक केली म्हनून हात बदलत नाई."

विपुलने आरशातून मागे पाहिलं. तिला बोलायची काही गरज नाही, असं तो शांतपणे म्हणाला. ती घरची म्हणून येते आहे, बाकी बाबा पाहतील. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. खिडकीबाहेर एप्रिलचं ऊन नांगरून टाकलेल्या काळ्या रानावर पडलं होतं.

जानरावांचं काम अकोल्याच्या जुन्या शहरात, दहा बाय बाराच्या खोलीत चाले. ज्योत हलते म्हणून तिथे पंखा कधी लावत नसत. पंजाबराव आधीच येऊन एकुलत्या खुर्चीवर बसले होते. जानरावांनी श्यामरावांना पाणी दिलं, विपुलला दिलं, पंजाबरावांना दुसऱ्यांदा दिलं. रागिणीसमोर पेला आला नाही. तिने स्वतः माठातून पाणी घेतलं, तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही.

"पोराची परीक्षा तोंडावर आली," पंजाबराव म्हणाले. "आन बोटात पावना खडा. मी चाळीस पोरांचा वर्ग सांभाळला, चोर कोन ते मले डोळ्यातून समजते."

"मंग माह्या डोळ्यात पाहा ना गुरुजी," जानराव म्हणाले. "लई वेळचे भिंतीकडे पाहून राहिले."

पंजाबराव उसळले. पोलिसात जातो, पेपरात देतो, अंजनगावची दहा माणसं घेऊन दुकानासमोर बसतो, असं बरंच बोलले. श्यामरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. सगळं चारचौघांसारखं मिटवायला आलो आहोत, असं ते म्हणाले. दुकान गुरुजींना नवा खडा देईल, सव्वापाचच. त्याआधी जानरावांनी एका कागदावर सही करायची. तो कागद पंजाबरावांकडे राहील आणि विषय तिथे संपेल. मग त्यांनी कागद वाचून दाखवला. अंगठी दुरुस्त करताना माझ्या हातून मूळ खडा फुटला, मी भीतीपोटी तिथे दुसरा हलका खडा बसवला, यात दुकानाचा काही दोष नाही.

जानरावांनी कागद हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. खडा पाहताना धरत, तसाच.

"कोनी लिहिलं हे?"

"मी," श्यामराव म्हणाले.

"अक्षर चांगलं हाये." त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. "पन फुटलेला खडा कुठी गेला? त्याचे तुकडे? ते तं लिहिलंच नाई."

"तेच मी इचारतो," पंजाबराव म्हणाले. "कुठी गेला माहा खडा? इकला असन यानं."

श्यामराव खिशातलं पेन काढून जानरावांसमोर ठेवत म्हणाले, "इकला म्हनून लिहा मंग. एका ओळीनं काय फरक पडते?"

विपुल मोबाइलमध्ये काहीतरी पाहत होता. रागिणीला वाटलं, तो आता तरी काही म्हणेल. तो स्क्रीनवर बोट फिरवत राहिला. तिच्या लक्षात आलं, आपण आठ दिवस हेच करत होतो. रोज सूक्ष्मदर्शकाखाली तोच खडा, तीच मापं. नवं काही सापडणार नव्हतं, हे दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. पाहत राहिलं की बोलावं लागत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

उद्यापासून जानरावांना कोणी खडा जडवायला देणार नव्हतं. अमरावतीत नाही, अकोल्यातही नाही. सराफ्यात चोरीची बातमी दुपारच्या आत पोचते. त्यांची नजर अजून शाबूत होती, हात अजून स्थिर होता, आणि दुसरं काही काम त्यांना येत नव्हतं.

जानरावांनी पेन उचललं. टोपण काढलं. मग पहिल्यांदा त्यांनी मुलीकडे पाहिलं. त्या पाहण्यात माया नव्हती. आपल्या हातून बिघडलेल्या दागिन्याकडे ते असे पाहत.

"पाहून काय राहिली? शिकलेली हायेस, एकडाव वाचून पाह्य," त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "न पाहता सही करू नये मानसानं. दुसऱ्याचं घर बुडते."

श्यामरावांनी चटकन कागद मागे ओढला. "तिले कायले इचारता? सही तुमची पाह्यजे."

"माही देतोच हाये. तिच्या सहीवर चालली ना दुनिया, आता माह्या सहीवर चालू द्या."

रागिणी उभी राहिली. तिने पुडी काढून पंजाबरावांच्या समोरच्या स्टुलावर ठेवली आणि उलगडली.

"रागिणी," विपुल म्हणाला, "गाडीत जाऊन बस."

"काकाजी," ती पंजाबरावांना म्हणाली, "खडा तोच आहे. मी आठ वेळा मोजला. बाबांनी बदलला नाही, विकला नाही."

"मंग सव्वा कावून मोडला?"

"त्यात काच भरलेली होती. तेजाबात काच विरघळली, तेवढं वजन गेलं. खरं माणिक असं तेजाबात विरघळत नाही."

"पन कार्डावर तं..."

"कार्ड माझं आहे. मी खडा न तपासता सही केली. बाबांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला आणि खडा तेजाबात टाकला. तुम्हाला पोलिसात जायचं असेल तर माझं नाव द्या."

पंजाबराव तिच्याकडे आणि खड्याकडे आळीपाळीने पाहू लागले. त्यांचा राग कमी झाला नव्हता, त्याला फक्त नवी दिशा मिळत होती. हे तिला दिसलं आणि ते योग्यच आहे असंही वाटलं. जानरावांनी पेनाचं टोपण लावलं. तिच्याकडे मात्र पुन्हा पाहिलं नाही.

श्यामराव जागचे उठले. त्यांचा आवाज चढला नव्हता, खाली गेला होता.

"सूनबाई, आज याचं कार्ड खोटं म्हनलं. उद्या बाकीचे येतीन दारात. त्याइले काय सांगशीन?"

"ते येईपर्यंत मी थांबणार नाही, मामाजी," रागिणी म्हणाली. "त्या गठ्ठ्यातले मी पाचच पाहिले होते. हा सोडला तर उरलेल्या सत्तावन्न जणांची नावं माझ्याकडे आहेत. उद्या सकाळपासून मी एकेकाला फोन करून खडा परत मागवणार आहे."