तळघरातली तालीम

पीन बोटात घुसली होती. बिल्ल्यावरच्या फोटोतला क्विन्सी हसत होता, रक्ताचा बारीक थेंब त्याच्या हनुवटीकडे सरकत होता, आणि व्हर्डेल नुसती बघत होती... दुखायला हवं होतं खरं.

"आण इकडे, मी लावते," शेजारच्या खुर्चीवरची ओडेसा म्हणाली. "टीव्हीवाले आलेत. भावाचा चेहरा सरळ दिसू दे, पोरी."

नगरसभेच्या सभागृहात पहिल्या रांगेत व्हर्डेलला मुद्दाम बसवलं होतं. दर शनिवारी चर्चमधली माणसं घेऊन ती याच इमारतीच्या पायऱ्यांवर मुकाट उभी राहायची, गाडीतून जाणारी गोरी पोरं तोंडाला येईल ते बोलायची, आणि मागणी एकच – क्विन्सीची गाडी अडवून त्याला गोळी घालणाऱ्या त्या गोऱ्या पोलिसासारख्यांना समोर बोलावून जाब विचारेल अशी नागरिकांची समिती. आज समितीचा ठराव होता. पोलिसांना समोर बोलावण्याचा अधिकार तेवढा त्यातून गाळला होता.

"व्हर्डेलबाई, समिती तरी पदरात पाडून घ्या," नगरसेवक हॉलिस सकाळी घरी येऊन सांगून गेला होता. "बाकीचं पुढे बघू. तुम्ही हो म्हणालात तर मतं पडतील, नाहीतर सगळंच बारगळेल." ती बरं म्हणाली होती. हल्ली ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

पायऱ्यांवर असं मुकाट उभं राहण्याची चर्चच्या तळघरात तालीम चालायची – कुणी थुंकलं तर पुसायचं नाही, शिवी आली तर पापणी हलवायची नाही. शिव्या द्यायचं काम ओडेसाचं. एरवी घरोघर रताळ्याचं गोडधोड वाटत फिरणारी बाई, पण तिथे तोंड असं सोडायची की पाद्रीबाबा कानांवर हात ठेवायचे आणि बाकीचे पोट धरून हसायचे. एका संध्याकाळी ती व्हर्डेलच्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडली... मेला ते बरंच झालं तुझा भाऊ, तीच लायकी होती त्याची... व्हर्डेलची पापणी हलली नाही. टाळ्या पडल्या. नंतर ओडेसा स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली, व्हर्डेल तिची पाठ थोपटत राहिली – आणि मी? मला का नाही येत रडू? त्यानंतर तिला काही लागलंच नाही, ना शिवी, ना सांत्वन, ना क्विन्सीच्या शर्टांना येणारा त्याचा वास.

"कुटुंबाचा पाठिंबा आहे, असं धरू ना?" सभेच्या अध्यक्षांनी विचारलं. हॉलिस आधीच मान डोलवत होता.

ती उठली. हात सैल, खांदे सैल, नजर समोर, सगळं शिकवल्याप्रमाणे. हो, एवढंच तर म्हणायचं होतं... माइक तोंडाशी आला, आणि एकाएकी पीन घुसलेलं बोट ठणकायला लागलं.

"बोल, बाळा," ओडेसा पुटपुटली.

पण व्हर्डेल घाबरली होती – कितीतरी महिन्यांनी, लहान पोरीसारखी घाबरली होती. तोंड उघडलं तर आतून काय बाहेर पडेल, याचा तिला भरवसा राहिला नव्हता.