फळीचं दुसरं टोक

या, असे जवळ सरका. आवाज चढवून सांगायची ही गोष्ट नाही. आमच्या वर राहणाऱ्या पाऊणकाकांची आहे, आणि खरं म्हणजे काकूंची. शेवटपर्यंत बसा मात्र. या गोष्टीतून मध्येच उठून जाणं बरं दिसायचं नाही.

तर त्या दिवशी काका जिन्यात बसले होते. मांडीवर लाकडी दांडा आडवा, कानाला फोन. पलीकडून काकूंची धाकटी बहीण बोलत होती, आणि ती बोलायची अशी की खालच्या पायरीवर मी उभी होते तिथवर ऐकू यायचं.

"ताईला आता इथेच राहू द्या, भावजी. तुमचा दांडा लागेपर्यंत तिला पुढचा जन्म घ्यावा लागेल."

काकांनी हसून घेतलं. फोन ठेवला तसं हसूही गेलं.

झालं होतं असं. काकू न्हाणीघरात घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हळूहळू पाऊलही टाकू लागल्या. पण आमच्या इमारतीचा सगळ्यात वरचा मजला मागाहून चढवलेला. त्याचा जिना अरुंद, उभा, दोन्ही अंगांना नुसत्या भिंती, धरायला काही नाही. हाताला आधार असल्याशिवाय तो चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून काकू बहिणीकडे तळमजल्यावर राहिल्या. तिने त्यांना एक खोली रिकामी करून दिली होती आणि आता त्या खोलीचे पडदे निवडणं चाललं होतं. पडदे आले म्हणजे माणूस कायमचं राहिलंच की हो.

भिंतीला दांडा मीच बसवतो, सुतार कशाला, असं काकांनी जाहीर केलं तेव्हा अख्खी इमारत गालात हसली. काका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. हात सोन्याचा. पण घरात त्यांच्या हातून काहीही व्हायचं ते पाऊण, म्हणून तर ते नाव पडलेलं. कपाटाला दार एकच. स्टूल विटेच्या भरवशावर उभं. आरशाला तीनच बाजूंनी चौकट. पाहुण्यांना काकू सांगायच्या, बसा, पण आधी मला विचारून बसा. कपाटाबद्दल म्हणायच्या, चोराला बरं, अर्धं काम आम्हीच करून ठेवलंय.

त्यांची खोली बरोबर माझ्या डोक्यावर. काम कुठवर आलं ते मला आवाजावरून कळायचं. आधी करवत, मग रंधा, मग पॉलिश पेपरची खसखस. आणि खसखस सुरू झाली की चारदोन दिवसांत ती थांबायची आणि पुन्हा करवत वाजू लागायची. माझं डोकं यातच अडकून बसलं होतं. आळशी म्हणावं, तर माणूस रोज संध्याकाळी खपत होता. आरंभशूर म्हणावं, तर ते संपायच्या उंबऱ्यापर्यंत येत होते. मग तिथूनच का परतत होते?

दांड्याचंही तेच झालं. अर्ध्याहून जास्त जिन्याला दांडा लागला आणि एके दिवशी वरून पटाशीचे हलके ठोके ऐकू आले. मी वर गेले. काका काठी घडवत होते, काकूंसाठी. मुठीला पाखराचं डोकं.

"आणि दांडा?"

"होईल गं. ही मूठ बघ कशी उतरलीय."

मग मी विचारलंच. "काका, दुकानात तुमच्या हातून एक तरी चष्मा कधी अर्धा राहिलाय?"

"तिथे कसा राहील?" ते दुखावल्यासारखे म्हणाले. "गिऱ्हाईक वाट बघत असतं. त्याला दिसत नसतं बिचाऱ्याला."

"आणि घरी?"

ते मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग थांबत थांबत सांगितलं. घरी काम काढलं की काकू फळीचं दुसरं टोक धरून बसायच्या. धरल्या धरल्या बोलायच्या, माहेरचं, शेजारचं, लहानपणी पडलेल्या दाताचंसुद्धा. काम संपलं की फळी खाली ठेवायच्या, चला, मला कामं पडलीयत म्हणायच्या आणि उठायच्या.

"म्हणून संपत आलं की मी दुसरं काढायचो," काका म्हणाले. "घरात वाट कोण बघत होतं? ती तर शेजारीच बसलेली."

"आता नाही बसलेल्या," मी म्हटलं.

काकांनी काठी उचलून कपाटावर ठेवली. दुकानात प्रत्येक कामाच्या ट्रेमध्ये गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी असते, तशी एक लिहून त्यांनी दोऱ्याने दांड्याला बांधली. गिऱ्हाईक, ही. कधी हवं, लगेच. मग मला म्हणाले, "पोरी, दुसरं टोक धरशील?"

मी धरलं. बोलले मात्र नाही. ती जागा माझी नव्हती.

काकू आल्या त्या दिवशी काका पुढे, उलटे चढत होते. मागे बहीण, तोंडाने "पडशील, पडशील" असा जप चाललेला. काकूंचा हात दांड्यावरून सरकत सरकत वर आला आणि शेवटच्या पायरीपाशी थबकला.

"इथे राहिलंय."

वीतभर लाकूड खरखरीत होतं. बहिणीने माझ्याकडे बघितलं, काय म्हटलं होतं मी, अशा डोळ्यांनी. काकांचा चेहरा उतरला. खिशातून पॉलिश पेपर काढत ते म्हणाले की घाईत राहिलं, आत्ता करतो.

"आणा इकडे," काकू म्हणाल्या आणि सावकाश वरच्या पायरीवर टेकल्या. "मी घासते. तुम्ही धरा."

दांडा भिंतीत पक्का बसलेला. त्याला धरायची काही गरज नव्हती. काकांनी तरी दोन्ही हातांनी धरला. आणि तिथेच, मेहुणीसमोर, माझ्यासमोर, मला सांगितलं होतं ते सगळं त्यांनी काकूंना सांगून टाकलं.

काकूंचा हात थांबला. "एवढं सांगायला तुम्हाला इतकी वर्षं लागली? म्हणजे हेसुद्धा पाऊणच ठेवलं होतंत."

घासून झालं. काकूंनी भुसा फुंकला. उठलं मात्र कुणीच नाही. शेवटी बहीण म्हणाली, पडदे परत करायला हवेत.

त्यानंतर काकूंनी नेम घातला. घरातल्या प्रत्येक अर्ध्या वस्तूला चिठ्ठी, आणि एक चिठ्ठी सुटल्याशिवाय नवं लाकूड जिना चढणार नाही. काका मधूनमधून चुकायचे, चोरून फळी आणायचे, काकू ती माझ्याकडे ठेवायला लावायच्या. पण स्टुलाला पाय आला, कपाटाला दार आलं. डोक्यावरची खसखस आता पुरती संपायची. संपल्यावरही पावलं वाजायची नाहीत, त्यावरून मला कळायचं की दोघं अजून बसलेली आहेत.

काठी तेवढी मागे राहिली. काकूंचं दांड्यावर भागत होतं.

मग काकू देवाघरी गेल्या. थोड्या दिवसांनी, वरचं घर निजल्यासारखं झालं होतं तेव्हा, पुन्हा खसखस ऐकू आली. मी वर गेले. पाखराच्या मानेत चिठ्ठी. गिऱ्हाईक, ही.

मी विचारलं नव्हतं, तरी काका म्हणाले, "गिऱ्हाईक आलं नाही म्हणून काम टाकून द्यायचं नसतं."

मी दुसरं टोक धरून बसले. चोच गुळगुळीत झाली. काकांनी चिठ्ठी सोडली, घडी घालून खिशात ठेवली आणि काठी दांड्याच्या वर खुंटीला टांगली.

आता काकाही नाहीत, वर दुसरी माणसं राहतात. दांडा मात्र आहे. कधी आलात आमच्याकडे तर तो जिना चढा, आणि हात दांड्यावरून अगदी वरपर्यंत जाऊ द्या. शेवटची वीत बाकीच्या लाकडाहून मऊ लागेल. ती काकूंनी घासलेली. तेवढ्यापुरती त्यांची आठवण काढा.