गुंडप्पाची हद

भुसकटाखालच्या एका चौरस फुटात सात गांडुळं निघाली, दोन पैसाकिडे आणि एक गोम. मुंग्या अंबिकेने मोजल्या नाहीत; त्या एका जागी थांबतच नव्हत्या. शेजारच्या नांगरलेल्या पट्टीत तेवढ्याच जागेत एकच गांडूळ सापडलं.

"हजेरी घेऊन राहिलीस व्हय गांडुळांची?" अण्णारावमामांनी बांधावरून विचारलं.

"घेते ना. तुमच्या पट्टीत सगळे गैरहजर आहेत."

अंबिका शिरूर अनंतपाळची. यंदाच तिने मृदाशास्त्राची पदवी घेतली आणि निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाला लागून असलेल्या मामांच्या रानात अर्ध्या एकराची पट्टी मागून घेतली. सोयाबीन काढल्यावर तिथे नांगर घालायचा नाही, भुसकट तसंच पसरून ठेवायचं आणि त्यातच हरभरा पेरायचा, असा तिचा बेत. मामांची अट सरळ होती.

"माझ्यापेक्षा एक कोंब जरी कमी निघाला, तर तुझी पट्टी नांगरून टाकीन. मग रुसायचं न्हाई."

"आणि जास्त निघाले तर?"

"तर पुढल्या साली धा एकर तुझ्या भुसकटाला."

परतीच्या पावसाने रान चिंब झालं होतं. चिखलात पेरलं तर बी कुजतं, उशीर केला तर काळी माती वरून दगड होते. पेरणीची वेळ या दोहोंच्या मधली, वाफशाची. ट्रॅक्टर सीमेपलीकडच्या गुंडप्पाचा. संध्याकाळी त्याने फोनवर सांगितलं, "ताई, सकाळी हद आली की सांगा. लगेच निघतो."

सकाळी मामा निलंग्याला गेले. अंबिकेने मूठभर माती दाबून गोळा केला, कमरेइतक्या उंचीवरून सोडला. गोळा फुटून भुगा झाला. वाफसा पक्का होता. पण या माणसाला आधी हद्द आखलेली हवी! शेजाऱ्याशी भांडण नको म्हणत असेल, असं समजून तिने दोरी ताणली आणि दोन्ही पट्ट्यांभोवती चुन्याची रेघ ओढायला घेतली. रेघ जरा वाकली की पुसून पुन्हा. दुपार कलल्यावर तिने फोन केला, "हद्द झाली, या."

गुंडप्पा आला, उतरला आणि पांढऱ्या चौकटीकडे बघतच राहिला. "अव्वा! कबड्डी हाय का हितं?"

"तुम्हीच म्हणालात ना, हद्द आखा म्हणून?"

"आखा कुठं म्हणलो? हद आली की सांगा म्हणलो! मातीची हद हो!" त्याने हातात माती घेऊन दाबून दाखवली. "सकाळपासून फोनकडं बघून राहिलो मी. चार वेळा चहा झाला."

त्याच्या कन्नडातली हद म्हणजे आपला वाफसा, हे आता कुठे तिच्या डोक्यात शिरलं. ती कपाळाला हात लावून खाली बसली. गुंडप्पा हसून हसून ट्रॅक्टरच्या चाकाला टेकला.

तेवढ्यात मामा परतले. सगळं ऐकून त्यांनाही हसू आवरेना. पण आपल्या पट्टीत बोट खुपसलं तेव्हा ते थांबलं. दिवसभराच्या वाऱ्याने माती वरून कोरडी ठक्क झाली होती. अंबिकेने तिच्या पट्टीतलं भुसकट बाजूला सारलं. खालची माती अजून काळीभोर, ओली होती. तिने गोळा करून सोडला, तो फुटला.

"मामा, तुमच्या पट्टीला आधी तुषारने पाणी देऊ या," ती म्हणाली. "चूक माझी होती."

"न्हाई. अट म्हणजे अट. गुंडप्पा, दोन्हीकडं सारखंच पेर."

भुसकट अडकलं म्हणून दोनदा पेरणीयंत्राचे फण साफ करावे लागले. गुंडप्पा कुरकुरला, पण पेरून गेला.

कोंब वर आल्यावर मामा-भाची मीटरभर लांबीची काठी घेऊन रानात उतरले. ओळीत दर मीटरला दहा बिया पेरल्या होत्या. प्रत्येक पट्टीत दहा ठिकाणी मोजायचं ठरलं. मामांनी आपली पट्टी दोनदा मोजली.

भुसकटाच्या पट्टीत शंभरातले एक्क्याण्णव उगवले होते, नांगरलेल्या पट्टीत त्रेपन्न.