झाकणाखालचं लोणी

रुपीबाईंच्या व्रताचा तेहतिसावा दिवस पार पडला आणि त्याच दिवशी धरमसिंगांना गाडीत लोणी सापडलं.

व्रत एकेचाळीस दिवसांचं. पहाटे जगदंबेचं दर्शन घेतल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. देऊळ तसं घरापासून सातशे पावलांवर, पण रुपीबाईंचे गुडघे आता सत्तर पावलांतच कुरकुरायला लागत. म्हणून संकल्पाच्या दिवशी धरमसिंगांनी भटजींसमोर स्वतःच्याही ओंजळीत पाणी घेतलं आणि छाती फुगवून म्हणाले, "एकेचाळीस दिवस मीच नेईन. माह्या गाडीत, माह्या हातानं." बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस! दारव्ह्यात कोण त्यांना अडवणार? भटजींनी मात्र हळूच सांगितलं, "एक दिवस जरी चुकला, तरी पुन्हा पहिल्यापासून बरं का."

म्हणजे पुन्हा एकेचाळीस पहाटा. पुन्हा पाच वाजता थंड पाण्यानं अंघोळ. या नुसत्या विचारानं धरमसिंगांच्या अंगावर काटा येई.

गाडी होती सत्त्याण्णव सालची, छोटीशी, पांढरी. देवळापर्यंत जायची, दोन मिनिटं चालायची, परत यायची आणि दिवसभर कडुनिंबाखाली झोपायची. त्या शुक्रवारी तेल बघायला म्हणून त्यांनी इंजिनावरचं तेलाचं झाकण उघडलं, तर त्याला आतून पिवळसर पांढरं, मऊ, जाडसर काहीतरी चिकटलेलं.

"रुपी! गाडीनं लोणी काढलं पाय!"

रुपीबाई आल्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि लगेच पदर सावरला. "देवीसमोर उभी राहून राह्यली रोज. काही पुण्य लागलं असन तिलेही."

"पुण्य नाई, तेल पातळ झालं हाय," धरमसिंग म्हणाले. "म्हातारं इंजिन. त्याले जाड तेल पायजे. बसच्या इंजिनात आम्ही कसं टाकत होतो? काळं, घट्ट, चमचा उभा राहीन असं!"

त्यांनी त्याच दुपारी बाजारातून सर्वांत जाड तेलाचा डबा आणला, जुनं तेल काढलं आणि स्वतःच्या हातानं नवं भरलं. तेल इतकं सावकाश उतरत होतं, की मधे त्यांचा चहा पिऊन झाला.

शनिवारी पहाटे थंडी अशी, की बोलताना तोंडातून धूर निघावा. रुपीबाई आरतीचं ताट मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. धरमसिंगांनी किल्ली फिरवली.

गाडी म्हणाली, "ढुऽऽर्र."

पुन्हा फिरवली. "ढुऽऽ." तिसऱ्यांदा तर तिनं नुसता सुस्कारा टाकला.

"आता?" रुपीबाईंनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण धरमसिंगांना त्यात एकेचाळीस पहाटा ऐकू आल्या.

"आता काय? माह्या गाडीत, माह्या हातानं म्हणलं होतं ना? बस तू."

त्यांनी खिडकीतून एक हात आत घालून स्टेअरिंग धरलं, खांदा चौकटीला लावला आणि ढकलायला सुरुवात केली. गाडी हलली. आत रुपीबाई ताठ बसलेल्या, मांडीवर ताट, ताटात दिवा, ओठांवर जप. शेजारचे फुलचंद दात घासत फाटकात उभे होते. त्यांच्या तोंडातला ब्रश तसाच राहिला.

"काहो बापू, रथयात्रा काढली काय?"

"थोबाड धू आधी!" धरमसिंग धापा टाकत म्हणाले.

"अहो, जप चालू हाय. अपशब्द नको," आतून मऊ आवाज आला. "अन् जरा डावीकडून घ्या, दिवा विझून राह्यला."

दर्शन झालं. चौतिसावा दिवस वाचला. पण परत येताना चढ होता, आणि घरी पोचल्यावर धरमसिंग ओट्यावर असे आडवे झाले, की कंबर कुठे संपते आणि ओटा कुठे सुरू होतो ते कळेना.

दहा वाजता जफर मिस्त्री पेटी घेऊन घरीच आला. त्यानं झाकण उघडलं, त्याला अजून चिकटलेलं लोणी चिमटीत घेतलं आणि हसला.

"काका, हे पाणी हाय. इंजिन चाललं की आत वाफ धरते. गाडी लांब गेली तर इंजिन तापते अन् वाफ उडून जाते. तुमची गाडी तापायच्या आधीच देवळात पोचते. मग ती वाफ तेलात मिसळून असं होते. अन् त्यावर तुम्ही हे गुळाच्या पाकासारखं तेल ओतलं. थंडीत ते हलतच नाई."

"मले शिकवतो काय रे? बत्तीस वर्षं बस चालवली मी!"

"बस दिवसाले तीनशे किलोमीटर जात होती, काका. हिले पातळ पायजे. गाडीच्या पुस्तकातही तेच लिहिलं हाय."

"पातळ म्हणजे पाणीच! म्हातारं इंजिन खडखडून मरन!"

रुपीबाई उठल्या. आत गेल्या आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. थंडीनं तेल पांढरंफटक थिजलं होतं. त्यांनी बाटली धरमसिंगांच्या टकलावर उलटी धरली. थेंबही पडला नाही.

"घ्या, लावा डोक्याले," त्या म्हणाल्या. "मी तं बाटली उन्हात ठेवते. पहाटे पाच वाजता तुमच्या इंजिनाले ऊन कोण दाखवन?"

जफर खाली बघून हसू लागला. धरमसिंगांनी डोक्यावरून हात फिरवला. कोरडं होतं. "आण बाबा तुझं पातळ," ते पुटपुटले.

जफरनं पेटीतून डबा काढला, तोच रुपीबाईंनी हात वर केला. "थांबा. आज शनिवार. शनिवारी तेल विकत घेत नसतात."

"उद्या घेऊ मग," जफर म्हणाला.

"उद्या पहाटे पुन्हा ढकलू?" धरमसिंग ओट्यावरून किंचाळले. आता पातळ तेलाची सर्वांत जास्त घाई त्यांनाच होती.

रुपीबाईंनी डोळे मिटून थोडा विचार केला. मग आतून तिळाच्या लाडवांचा मोठा डबा आणून जफरसमोर ठेवला. "हे तुमच्या घरी, तुमच्या बायकोले जोहराबीले. अन् तुमचा डबा आमच्या घरी. ही देवाणघेवाण झाली, खरेदी नाई."

जफरनं लाडवांचा डबा उघडून पाहिला. "काकू, दर सहा महिन्यांनी तेल बदलावं लागन. शनिवारीच येत जाईन मी."

जाताना त्यानं औषधही सांगितलं. आठवड्यातून एकदा गाडी चांगली तापेपर्यंत पळवायची, बोरी अरबपर्यंत जाऊन यायचं.

"माह्या एसटीचा रस्ता तो! त्याले मी निवृत्तीच्या दिवशी हात जोडले!" धरमसिंग म्हणाले.

"मग आता सोडा," रुपीबाई म्हणाल्या. "आजपासून गाडीचंही व्रत. दर रविवारी बोरी."

रविवारी पहाटे गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. पस्तिसावं दर्शन झालं आणि गाडी तशीच बोरीच्या रस्त्याला लागली. पहिल्या फाट्यावर एसटीचा थांबा दिसला आणि धरमसिंगांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. बत्तीस वर्षांची सवय ती. तिथे बसलेल्या म्हातारीनं दार उघडलं, आपलं गाठोडं आत लोटलं आणि बसली.

"बोरी. अर्धं तिकीट," ती म्हणाली.

पुढच्या थांब्यावर पाय पुन्हा ब्रेकवर. आणखी दोघं चढले, एकाच्या काखेत कोंबडा. रुपीबाईंनी आरतीचं ताट उचलून मांडीवर घेतलं, मागे वळून पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "जरा आत सरका हो. पुढं अजून थांबे हायत."

घरी परतल्यावर धरमसिंगांनी फडकं धरून झाकण उघडलं. लोण्याचा मागमूस नव्हता. एक कोंबड्याचं पीस तेवढं हाताला चिकटलं.